स्वखर्चाने अंतराळ स्थानकावर जाताना

‘अंतराळ पर्यटक’ हा शब्द वर्तमानपत्रांनी रुजवला. स्वतःच्या पैशाने जाऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो मुळीच आवडत नाही आणि त्यांची कुरकूर रास्त आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ही प्रयोगशाळा आहे. तिथे साधारण सात माणसं सहा-सहा महिने राहून काम करतात. त्यांचा दिवस पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने आखलेला असतो. संडास मोजके, झोपायच्या खोल्या मोजक्या. अशा घरात तुम्ही आठ-पंधरा दिवसांसाठी पाहुणे म्हणून जाऊन थडकणार असता, आणि पैसे कितीही मोजले तरी हे नातं बदलत नाही. म्हणून डॉक्टरकडे जाताना, करारावर सही करताना, अगदी बॅग भरतानाही स्वतःला एकच विचारत राहा: माझ्यामुळे तिथल्या घरच्यांची पंचाईत होईल का?

एक गल्लत सुरुवातीलाच दूर करू. शंभर किलोमीटरच्या आसपास जाऊन दहा-बारा मिनिटांत खाली येणारी सफर वेगळी. तो चेंडू वर फेकण्याचा प्रकार झाला. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे, पण खरी गोम उंचीत नाही, वेगात आहे. ताशी जवळजवळ २८,००० किलोमीटर वेगाने ते दर ९० मिनिटांनी पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. त्याला गाठायचं तर तुम्हालाही तोच वेग घ्यावा लागतो, आणि परतताना तो सगळा हवेवर घासून उतरवावा लागतो. खर्च, धोका, महिनोन्महिन्यांचं प्रशिक्षण, सगळ्याचं मूळ या एका आकड्यात आहे.

पायरी पहिली: वाट कोणती आणि ती किती दिवस उघडी आहे

२८ एप्रिल २००१ रोजी साठ वर्षांचे अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून रशियन सोयुझ यानातून निघाले. स्वतःच्या पैशाने स्थानकावर जाणारे ते पहिले. त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. नासाला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. अमेरिकन भागात एकट्याने फिरायचं नाही आणि काही फुटलं-तुटलं तर भरपाई द्यायची, असं टिटोंकडून लिहून घेतलं गेलं. पहिल्याच पाहुण्याचं स्वागत असं झालं!

त्यानंतर २००९पर्यंत रशियन सोयुझमधून एकूण सात जण अशा आठ फेऱ्या करून आले. चार्ल्स सिमोनी दोनदा गेले, म्हणून आठ. २०११ मध्ये अमेरिकेची शटल यानं निवृत्त झाली, सोयुझची प्रत्येक खुर्ची व्यावसायिक अंतराळवीरांना लागू लागली आणि स्वखर्चाने जाणाऱ्यांची वाट दहा-बारा वर्षं बंदच राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये जपानी उद्योजक युसाकु माएझावा आपल्या सहायकासह सोयुझमधून बारा दिवसांसाठी गेले. एप्रिल २०२२ मध्ये ॲक्सियम स्पेस या कंपनीची पहिली मोहीम स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानातून गेली. खासगी प्रवाशाला आज विचारात घ्यावी अशी वाट मुख्यतः ही दुसरी.

इथे गणित नीट समजून घ्या. नासाचं धोरण वर्षाला जास्तीत जास्त दोन खासगी मोहिमांचं. ड्रॅगनमध्ये खुर्च्या चार. पहिल्या मोहिमेनंतर नासाने नियम केला की अशा मोहिमेचा कमांडर नासाचा माजी अंतराळवीरच असला पाहिजे. म्हणजे उरल्या तीन. आणि या तिन्हींवर आता सरकारांचा डोळा आहे. दुसऱ्या मोहिमेत दोन खुर्च्या सौदी अरेबियाच्या होत्या. जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या मोहिमेत इटली, तुर्की आणि स्वीडनचे अंतराळवीर होते. जून २०२५ च्या चौथीत भारताचे शुभांशु शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्नियेव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. तेव्हा रांगेत तुमच्या पुढे श्रीमंत माणसांपेक्षा देशांच्या तिजोऱ्या उभ्या आहेत, हे धरून चाला.

शिवाय हे स्थानक २०३० च्या सुमारास निवृत्त करून समुद्रात पाडायचं ठरलं आहे. ते खाली ढकलणारं यान बांधण्याचं काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. त्याची जागा घ्यायला खासगी स्थानकांच्या योजना आहेत. वास्ट कंपनीचं हेवन-१, ॲक्सियमचं स्वतःचं स्थानक, स्टारलॅब ही त्यातली काही नावं. आज तिशीत असाल तर घाई नको, ही नवी घरं उभी राहिली की पाहुण्यांना बोलावणं हाच त्यांचा धंदा असेल. पन्नाशी उलटली असेल तर मात्र चौकशीला आजच लागा.

पायरी दुसरी: पैसे, आणि करारातली बारीक अक्षरं

ॲक्सियमच्या पहिल्या मोहिमेत एका खुर्चीची किंमत साडेपाच कोटी डॉलर असल्याचं सांगितलं गेलं. यातला सिंहाचा वाटा रॉकेट, यान आणि प्रशिक्षणाचा. स्थानकावर राहण्याचं भाडं त्या मानाने चिल्लर. २०१९ मध्ये नासाने दरपत्रक जाहीर केलं तेव्हा माणशी एका रात्रीचे साधारण ३५,००० डॉलर पडत होते. त्यात हवा-पाणी शुद्ध ठेवणारी यंत्रणा आणि संडास यांचे दिवसाला ११,२५० डॉलर. जेवण, व्यायामाची साधनं, औषधपाणी वगैरेंचे २२,५००. विजेच्या एका युनिटला ४२ डॉलर, एक जीबी डेटाला ५० डॉलर. संडासचं भाडं वेगळं लावलेलं पाहून तेव्हा पुष्कळ जण हसले होते, पण तिथल्या संडासाची देखभाल काय चीज आहे हे कळल्यावर तो आकडा मला तरी वाजवी वाटतो. पुढे २०२१ मध्ये हे दर बरेच वाढवले गेले.

करार वाचताना तीन ठिकाणी पेन्सिलीने खूण करा. पहिलं, वैद्यकीय कारणाने ऐनवेळी गळलात तर पैशांचं काय. दुसरं, मुक्काम लांबला तर जादा दिवसांचा खर्च कोणाचा. पहिली मोहीम एकूण दहा दिवसांची ठरली होती, पण समुद्रात उतरण्याच्या ठिकाणचं हवामान सुधारेना, म्हणून ती सतरा दिवस चालली. करारात अशा विलंबाची सोय होती म्हणून त्या प्रवाशांना वाढीव भाडं पडलं नाही. तिसरं, निघणंच लांबलं तर काय. चौथी मोहीम मे २०२५ च्या अखेरीस निघायची होती. हवामान, मग रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती, मग स्थानकाच्या रशियन भागातल्या हवागळतीची तपासणी, असं करत करत ती २५ जूनला निघाली. चौघेही तोवर जवळजवळ महिनाभर विलगीकरणात बसून होते. महिनाभर घरच्या कामांतून आणि धंद्यातून गायब राहणं तुम्हाला परवडेल का, हेही किमतीतच धरा.

पायरी तिसरी: डॉक्टर आधी, पैसे नंतर

बरेच जण हा क्रम उलटा लावतात. नका लावू.

वयाची फारशी अडचण नाही. टिटो साठीचे होते, पहिल्या ॲक्सियम मोहिमेतले लॅरी कॉनर सत्तरी ओलांडलेले. चष्मा असला तरी चालतो. अडतं ते अशा आजारांशी जे वर अचानक उसळू शकतात: हृदयाचे ठोके चुकणं, फिट्स, आटोक्यात नसलेला मधुमेह, मुतखडा. मुतखड्याचं नाव ऐकून आश्चर्य वाटेल. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं, त्यात माणूस पाणी कमी पितो, म्हणजे खडा धरायला सगळी अनुकूल परिस्थिती. जमिनीवर मुतखडा म्हणजे एक वाईट रात्र. वर मात्र तुमच्या एका कळेपायी चार जणांचं यान मुदतीआधी परत आणावं लागेल.

२००६ मध्ये एक जपानी उद्योजक सगळं प्रशिक्षण पुरं करून बसले होते आणि निघायला काही आठवडे उरले असताना वैद्यकीय तपासणीत बाद झाले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हेच. त्यांच्या राखीव म्हणून तयार असलेल्या अनुशेह अन्सारी यांना अचानक संधी मिळाली, आणि स्वखर्चाने स्थानकावर जाणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव झालं. उलट उदाहरण ग्रेग ओल्सेन यांचं. २००४ मध्ये फुप्फुसावर डाग दिसला म्हणून ते बाद झाले, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. पुन्हा तपासण्या करून घेतल्या आणि २००५ मध्ये जाऊन आले.

म्हणून आपल्या खर्चाने आधीच संपूर्ण तपासणी करून घ्या. पोटाची सोनोग्राफी आणि दातांचे एक्स-रे त्यात हमखास असू देत. किडलेला दात घेऊन वर जाणं हा शुद्ध आडमुठेपणा. किरणोत्साराबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. स्थानकावर दिवसाला साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट किंवा थोडा जास्त मिळतो, म्हणजे छातीचे रोज पाचेक एक्स-रे. दहा-पंधरा दिवसांसाठी ही भीतीची गोष्ट नाही, पण आकडा माहीत असावा.

पायरी चौथी: सह्या

कागद पुष्कळ असतात, महत्त्वाचे दोन. अमेरिकेतून उडणार असाल तर तिथल्या कायद्याप्रमाणे एका संमतिपत्रावर सही करावी लागते. हे यान माणसांना नेण्यासाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सरकारने दिलेलं नाही, हे मला सांगितलं आहे आणि ते समजून मी जातो आहे, असा त्याचा मथितार्थ. विमानाच्या तिकिटावर असलं काही नसतं. घरच्यांना हा कागद वाचायला द्या, लपवू नका.

दुसरा कागद वागणुकीचा. स्थानकातल्या पाच भागीदार संस्थांनी २००१ मध्येच पाहुण्यांसाठी निकष ठरवले. फसवणूक, गुन्हेगारी वर्तन, दारूचं व्यसन अशा कारणांवरून माणूस नाकारता येतो. इंग्रजी कामापुरतं यायलाच हवं, आणि सोयुझने जाणाऱ्याला रशियनही शिकावी लागते. कमांडरचा शब्द अखेरचा. साडेपाच कोटी डॉलर भरलेल्या माणसाला ‘आत्ता नाही’ हे ऐकून घेता येत नसेल, तर त्याने ते पैसे जमिनीवरच कुठेतरी खर्च करावेत.

पायरी पाचवी: प्रशिक्षण

पहिल्या ॲक्सियम मोहिमेतल्या प्रवाशांचं प्रशिक्षण साडेसातशे ते हजार तासांच्या घरात गेलं. ह्यूस्टनला नासाच्या जॉन्सन केंद्रात स्थानकाचं, कॅलिफोर्नियात हॉथॉर्नला ड्रॅगनचं. सोयुझवाल्यांचं सगळं मॉस्कोजवळच्या तारकानगरीत. तिथे खुर्चीचं अस्तर प्रत्येकाच्या पाठीच्या साच्यावरून बनवतात, कारण सोयुझ जमिनीवर उतरतं आणि शेवटचा धक्का पाठीला सोसायचा असतो.

सेंट्रीफ्यूजमध्ये तुम्हाला गरागरा फिरवून वजनाच्या कित्येक पट दाब छातीवर कसा बसतो ते दाखवतात. तेव्हा श्वास छातीने न घेता पोटाने घ्यायला शिकायचं. विमानातून कमानीसारख्या झेपा मारून दर झेपेत वीस-पंचवीस सेकंदांची वजनरहित अवस्था देतात. मजा येते, उलट्याही होतात. पण त्यात तुम्हाला वर त्रास होणार की नाही हे कळत नाही. विमानात ठणठणीत राहिलेले लोक स्थानकावर आडवे झाले आहेत आणि उलटही झालं आहे.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे तीन संकटांची उजळणी: आग, हवा निसटून दाब कमी होणं, आणि विषारी वायू. विषारी वायूत मुख्य भीती अमोनियाची. स्थानकाच्या अमेरिकन भागातली उष्णता बाहेर टाकायला बाहेरच्या नळ्यांमधून अमोनिया फिरतो. तो आत शिरला तर आधी मास्क, मग रशियन भागाकडे धाव, कारण तिकडच्या यंत्रणेत अमोनिया नाही, आणि मधलं दार बंद. पाहुण्याने या तिन्हींत शौर्य दाखवायचं नसतं. त्याला फक्त तीन गोष्टी झोपेतही यायला हव्यात: मास्क कुठे आहे, आपलं यान कुठे लागलं आहे, आणि इथून तिथे जायचा रस्ता कोणता. लग्नाच्या हॉलवर गेल्यावर आपण गाडी कुठे लावली ते लक्षात ठेवतो, तसंच. फरक एवढाच की इथे खाली-वर नसतं, त्यामुळे कालपर्यंत डावीकडे असलेलं दार आज डोक्यावर येतं.

संडासाचा सरावही गांभीर्याने घ्या. शटलच्या काळात नासाकडे सरावाची एक खुर्ची होती. तिच्या खाली कॅमेरा आणि समोर पडदा, म्हणजे आपण नेमके मध्यावर बसलो की नाही ते स्वतःच पाहून शिकायचं. वर बसायची जागा अगदी लहान असते. पाय अडकवायचे, दांडा धरायचा, आणि सगळं ओढून नेण्याचं काम हवेच्या झोताचं. लघवीला वेगळी नळी आणि पुढे फनेल. पंखा आधी सुरू करायचा, मग बाकीचं. हा क्रम चुकला तर काय होतं याचं वर्णन करत नाही. साफसफाई ज्याची त्यानेच करायची असते एवढं सांगतो. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गाळून तिथे पुन्हा प्यायचं पाणी करतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत नेलं गेलं. ज्यांना हे ऐकून कसंसं होतं त्यांनी तेही आधीच मनातल्या मनात पचवून घ्यावं.

पायरी सहावी: दिवस भरू नका

नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक हीच. एवढे पैसे भरले, मग एक मिनिटही वाया जायला नको, म्हणून पंधरा-वीस प्रयोग, शाळांशी गप्पा, हौशी रेडिओवर संवाद, प्रायोजकांसाठी चित्रीकरण असं सगळं कोंबतात. पहिल्या ॲक्सियम मोहिमेत नेमकं हेच झालं. कामं उरकेनात, सुरुवातीचे दिवस ओढाताणीत गेले, आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांना मदत करता करता स्थानकावरच्या मूळ कर्मचाऱ्यांची कामं मागे पडली. परतल्यावर प्रवाशांनीच हे उघडपणे कबूल केलं आणि पुढच्या मोहिमांचं वेळापत्रक त्यावरून बदललं.

खाली जे काम दहा मिनिटांत होतं त्याला वर अर्धा तास धरा. स्क्रू काढला की तो कुठे ठेवायचा? टेबलावर ठेवता येत नाही. पेन, टोपण, टेप, कात्री, प्रत्येक वस्तू वेल्क्रोला चिकटवायची, नाहीतर वळून पाहीपर्यंत ती निघून गेलेली असते. हरवलेली वस्तू बहुधा हवा आत खेचणाऱ्या जाळीवर जाऊन चिकटलेली सापडते. आधी तिथे शोधा, मग इतरांना विचारा. पहिले दोन दिवस मोकळे ठेवा, आणि करायच्या गोष्टींची यादी झाली की तिच्यातलं निम्मं खोडा. खिडकीपाशी नुसतं तरंगायला रोजचा एक तास लेखी मागून घ्या. लेखी नसलेला वेळ तिथे कोणाच्याच वाट्याला येत नाही.

सामान

थोडक्यात उरकतो. स्वतःच्या वस्तूंना किलो-दीड किलोची मर्यादा धरून चाला. कपडे तुम्हाला मापाने मिळतात. वर धुण्याची सोय नाही, घातले की टाकायचे. फोटो, एखादं वाद्य, घरच्यांनी दिलेली छोटी वस्तू, एवढं बस. ज्वालाग्राही, तीव्र वासाचं किंवा भुगा पडेल असं काही नको. प्रत्येक वस्तू तपासली जाते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात आठवलेली वस्तू घरीच राहते. बॅगेपेक्षा फोटोंचा विचार आधी करा. आपली कुठली ठिकाणं वरून पाहायची आहेत, आणि त्या दिवसांत ती उजेडात असतील का? स्थानकाचा मार्ग विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेला आहे, म्हणून ते त्याहून उत्तरेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या जागांच्या थेट डोक्यावरून कधीच जात नाही.

पायरी सातवी: निघण्याचा दिवस

त्याआधी दोनेक आठवडे विलगीकरण. ही अट तुमच्या सर्दीची काळजी म्हणून नसते, वरच्या सात जणांना ती देऊ नये म्हणून असते. घरच्यांना दुरूनच भेटायचं.

प्रवासाचा सूट यानाच्या आत दाब गेला तर जीव वाचवण्यासाठी. बाहेर अंतराळात चालायला तो उपयोगी नाही. १९७१ मध्ये सोयुझ-११ मधले तिघे परतीच्या वाटेवर हवा निसटल्याने गेले, कारण त्यांच्या अंगावर असे सूट नव्हते. तेव्हापासून ही अट आली. आत डायपर असतो आणि तो सगळेच घालतात, लाजायचं कारण नाही.

ड्रॅगनला वर नेणारं फाल्कन-९ रॉकेट सुटल्यावर अडीच मिनिटांनी पहिला टप्पा बंद होतो. छातीवरचा दाब एकदम जातो आणि क्षणभर आपण पुढे कोसळतोय असं वाटतं. लगेच दुसरा टप्पा पेटतो. साधारण नऊ मिनिटांनी सगळं शांत होतं आणि वजन गेल्याची खूण म्हणून दोरीला बांधलेलं मऊ खेळणं हवेत वर येतं. डोकं जोरात वळवून ते पाहायचा मोह आवरा. पुढे स्थानक गाठायला ड्रॅगनला बहुधा एक दिवस लागतो. सोयुझने हेच अंतर तीन तासांतही कापलं आहे.

वर पोहोचल्यावर

नव्या अंतराळवीरांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ होते. कान सांगतो आपण पडतोय, डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, आणि या भांडणात पोट बदनाम होतं. गोळी घ्या, मान हळू फिरवा, आणि ‘हीच जमीन’ असं मनाशी एक भिंत ठरवून तिच्याशीच पाय ठेवा. उलटीची पिशवी खिशात असू दे. रक्त आणि पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, म्हणून चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. पाठीचा कणा ताणला जाऊन उंची थोडी वाढते आणि कंबर दुखते. गुडघे छातीशी घेऊन झोपलं की आराम पडतो.

चालायला विसरा. नवखा माणूस भिंतीला जोरात रेटा देतो आणि समोरच्या भिंतीवर, वाटेतल्या लॅपटॉपसकट, जाऊन आदळतो. जुनी मंडळी दोन बोटांनी दांड्याला स्पर्श करतात आणि तेवढ्यावर खोलीभर सरकतात. तुम्हीही पहिल्या दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त बोटांनी जायचा सराव करा. जिथे थांबायचं तिथे पायाचे पंजे दांड्याखाली अडकवायचे. हात मोकळे राहतात आणि तुम्ही कोणाच्या कामात उडत येत नाही.

जेवणात चव कमी लागते, नाक बंद असतं ना. म्हणून तिखट, झणझणीत पदार्थांना वर भाव असतो. मीठ पाण्यात आणि मिरपूड तेलात मिसळलेली मिळते, कारण कोरडी चिमूट सगळ्यांच्या डोळ्यांत जाईल. पावाचे तुकडे नकोत, मऊ पोळीसारखे टॉर्टिया असतात. पाकीट कापताना पूर्ण कापू नका, टोक लटकतं राहू द्या, नाहीतर जेवणाआधी त्या टोकाचा पाठलाग करावा लागेल.

पाहुण्यांना झोपायला खोली मिळेलच असं नाही. भिंतीला बांधलेली झोपायची पिशवी, कधी आपल्या यानातच पथारी. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण तिथे कुचकामाची. पिशवी कुठेही बांधा, पण चेहऱ्यावर हवेचा झोत येईल अशीच. तिथे गरम हवा वर जात नाही, त्यामुळे झोत नसेल तर तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो आणि डोकं ठणकत जाग येते. घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावा. खिडकीतून दिवसाला सोळा सूर्योदय दिसतात, त्यांच्या नादी लागलात तर झोप विसरा.

खिडकी म्हणजे मुख्यतः क्युपोला, २०१० मध्ये बसवलेला सात काचांचा घुमट. तिथे जाण्याआधी कोणाचं काम चालू नाही ना ते विचारा. रात्रीचे फोटो काढताना मागचे दिवे बंद करा, नाहीतर काचेत तुमचंच तोंड येईल. खालची जमीन मिनिटाला चारशेहून जास्त किलोमीटर मागे पळते, म्हणून कॅमेरा तिच्याबरोबर हळूहळू फिरवावा लागतो. आणि पहिल्या फेरीत कॅमेरा हातात घेऊच नका.

परतणं

यानात बसण्याआधी मीठ आणि भरपूर पाणी पोटात घालायला सांगतात. कंटाळा करू नका, उतरल्यावर चक्कर येण्यापासून तेच वाचवतं. ड्रॅगन हवेत शिरतं तेव्हा बाहेरचं तापमान सुमारे १,९०० अंशांपर्यंत जातं, खिडकीत केशरी उजेड भरतो आणि काही मिनिटं जमिनीशी संपर्क तुटतो. दाब वजनाच्या चार-पाच पट. एप्रिल २००८ मध्ये एक सोयुझ सरळ तीव्र उतारावर आलं तेव्हा आतल्या तिघांनी आठपट दाब सोसला होता. त्यांतल्या पेगी व्हिटसन पुढे ॲक्सियमच्या दोन मोहिमांच्या कमांडर झाल्या. मग आधी दोन लहान आणि नंतर चार मोठ्या छत्र्या उघडतात, यान समुद्रात पडतं आणि बोट येऊन ते उचलून घेते.

बाहेर यायला हात दिला तर घ्या. डोकं शिशाचं वाटतं, वळताना तोल जातो, आणि लाटांवर डुचमळणाऱ्या यानात सावरलेलं पोट पुन्हा ढवळतं. पहिले काही दिवस गाडी चालवायची नाही, जिना कठड्याला धरून उतरायचा, अंघोळीला खाली बसायचं. पंधरा दिवसांच्या मुक्कामानंतर शरीर लवकर सावरतं, हातांना मात्र जरा उशिरा कळतं. शुभांशु शुक्ला परतल्यानंतर पलंगावर बसून लॅपटॉपवर काम करत होते. काम झालं, त्यांनी लॅपटॉप मिटला आणि तो तरंगत राहील अशा समजुतीने शेजारी हवेत सोडून दिला. खाली गालिचा होता म्हणून निभावलं.